आवाज भाड्यानं मिळेल

माझ्या दुकानाच्या पाटीवर एवढंच आहे:
आवाज भाड्यानं मिळेल.
खाली नंबर, शेवटचा आकडा उन्हानं खाल्लेला,
तरी लोक शोधत येतात.
विहाराची जत्रा, कुणाची मयत, कुणाच्या पोराची दीक्षा,
आणि अलीकडची काही वर्षं
तो.

तो म्हणजे एक फोन.
मंचावर रिकामी खुर्ची, खुर्चीवर लाल रुमाल,
आणि मी गुडघे टेकून
फोन माइकला लावून धरतो,
दूध न ओढणाऱ्या पोराला छातीशी धरावं तसा.
लांब गेला की पुटपुटतो,
जवळ आला की शिट्टी मारतो.
मधली दोन बोटं जागा
बँकॉकात बहुतेक मलाच ठाऊक.

"भावंडांनो, जेवलात का?"
आधी हेच विचारतो, कुठल्याशा परक्या शहरातून.
जेवलो, म्हणतात हजारो तोंडं.
त्यातली निम्मी सकाळपासून उपाशी.

पुढच्या रांगेत थोंगबाय मावशी,
यासोथोनहून रात्रभर ट्रकच्या हौद्यात हाडं खिळखिळी करत आलेली.
दिसेल त्याला दवाखान्याचं कार्ड दाखवते:
तीस बाहत दिले, डोळा परत मिळाला.
त्याच डोळ्यानं ती आता
फोनकडे बघते.

तिच्या मागं एक पोरगा विचारतो,
एवढी आठवण येते तर विमान का नाही पकडत?
आई त्याच्या तोंडात चिकट भाताचा गोळा कोंबते.

कधी कधी तो रडतो.
रडतो की लाइन खराब असते,
मला सांगता येत नाही.

नदीपलीकडे, थोनबुरीत,
माझी वहिनी रेवदी त्याच्या नावानं बोटं मोडते.
त्याच्या राज्यात पोलिसांकडे एक यादी होती,
यादीत तिचा धाकटा भाऊ होता,
उसाच्या बांधावर मोटारसायकल सापडली,
इंजिन अजून गरम.
जेवताना ती माझ्या ताटात मासा वाढते
आणि म्हणते, त्याचा आवाज तू मोठा करतोस.
मी काटे काढत बसतो.

पिवळे शर्टही माझ्याकडेच येतात.
भाव तोच, घासाघीसही तीच.
तेच स्पीकर पुसून नेतो,
जाळीत मागच्या सभेचं एखादं शीत अडकलेलं असतं.
एकदा वेळ जाईना म्हणून मोजलं:
लालवाल्यांनी संध्याकाळभरात त्याचं नाव चौदा वेळा घेतलं,
पिवळ्यांनी एकतीस.
ज्याला येऊ द्यायचं नाही
त्याला दर दोन मिनिटांनी हाक.
आणि मिक्सरवरचा काटा
दोघांच्याही वेळी लालमध्येच जातो.
त्या यंत्राला पुढचा रंग येत नाही.

मग ती रात्र.
आधी दिवे गेले, मग जनरेटर,
मग टायर जळाल्याचा वास,
आणि चपला. इतक्या चपला.
मंचाखाली वायरींच्या गुंत्यात मी पालथा,
हातात फोन तसाच चालू.
माइक नाही, स्पीकर नाही,
आतून एक म्हातारा, सर्दी झाल्यासारखा:
"हॅलो? ऐकू येतंय का? कुणी आहे का तिथं?"

एवढा लहान आवाज.
पुढच्या ओळीतल्या माणसालाही पोचला नसता.

मला काहीतरी बोलायचं होतं.
भाऊ म्हणून, भाडेकरूला मालक बोलतो तसं,
वहिनीच्या वतीनं शिवी तरी.
तोंडून निघालं,
जेवलात का?

पलीकडे जरा वेळ काहीच नाही.
मग लाइन गेली.

थोंगबाय मावशी तीन दिवसांनी भेटली,
एका पायात माझ्या मापाची चप्पल.
बाही ओढून विचारलं, काय म्हणाले शेवटी?
लाइन खराब होती, म्हटलं.

रेवदीलाही हेच सांगितलं.
तिनंही तेच विचारलं होतं,
गॅस बारीक करून,
माझ्याकडे पाठ करून.

दोन स्पीकर अजून ठाण्यात आहेत.
त्या रात्रीचं भाडं कुणाकडे मागायचं, कळत नाही.